सरळ तराजू हाती देणारे शिक्षक : इमाम गझाली (रह.)



इमाम अबू हामिद मुहम्मद गझाली (रह.) यांचे नाव आपणांस अपरिचित नाही. ‘इह्याउ उलूमिद्दीन’ या ग्रंथाचे कर्ते, अंतःकरणशुद्धीच्या मार्गाचे जाणकार आणि तत्त्वज्ञांच्या दाव्यांची चिकित्सा करणारे विद्वान अशी त्यांची ओळख आपण वेळोवेळी वाचली असेल. परंतु त्यांच्या जीवनकार्याचा एक भाग सामान्य वाचकापर्यंत फारसा पोहोचलेला नाही. तो त्यांच्यातील शिक्षकाचा आहे. योग्य अनुमान कसे करावे आणि चुकीचे अनुमान कसे ओळखावे, हे शिकविण्यासाठी त्यांनी तर्कशास्त्राचे, म्हणजेच मन्तिकचे, प्राथमिक पाठ लिहिले. आणि तेही एकदा नव्हे, तर पाच वेळा. विषय एकच होता, परंतु प्रत्येक वेळी समोरचा विद्यार्थी वेगळा होता.

ज्यांच्या व्याख्यानाला बगदादचे विद्वान गर्दी करीत, त्यांना नवशिक्यांसाठी तोच पाठ पुन्हा पुन्हा लिहावासा का वाटला? या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या चरित्रातच आहे. म्हणून आपण त्यांचे जीवन या एका प्रश्नाच्या प्रकाशात पाहू या.

तूसचा अनाथ मुलगा

इमाम साहेबांचा जन्म हि. ४५० (इ.स. १०५८) मध्ये खुरासानातील तूस येथे झाला. आजच्या इराणच्या ईशान्य भागात हा प्रदेश येतो. चरित्रकार सांगतात की, त्यांचे वडील लोकर कातून उदरनिर्वाह करीत. स्वतः शिकता आले नाही याची त्यांना खंत होती आणि विद्वानांच्या सहवासाची ओढ होती. मृत्यू जवळ आला तेव्हा त्यांनी मुहम्मद व अहमद या दोन्ही मुलांना एका सूफी मित्राच्या हवाली केले आणि जवळची थोडीशी शिल्लक त्यांच्या शिक्षणासाठी दिली. ती शिल्लक लवकरच संपली. मित्र स्वतः निर्धन होते. त्यांनी मुलांना मदरशात जाण्याचा सल्ला दिला, कारण तेथे शिक्षणाबरोबर जेवणाचीही सोय होत असे. पुढे इमाम साहेब या प्रसंगाचा उल्लेख करताना सांगत की, आपण विद्येकडे अल्लाहखेरीज दुसऱ्याच हेतूने गेलो होतो. परंतु विद्येनेच अल्लाहखेरीज अन्य कोणासाठी होण्यास नकार दिला.

आरंभीचे शिक्षण तूसमध्ये झाले आणि पुढे ते जुरजान येथे गेले. तेथून परततानाची एक घटना चरित्रग्रंथांत नमूद आहे. वाटेत दरोडेखोरांनी काफिला लुटला. इमाम साहेबांच्या पिशवीत गुरूंच्या पाठांची टिपणे होती. ती परत मिळावीत म्हणून ते दरोडेखोरांच्या म्होरक्यामागे गेले आणि त्या टिपणांत आपली विद्या आहे असे त्यांनी सांगितले. म्होरक्या हसला. कागद हिरावताच जी नाहीशी होते तिला विद्या कसे म्हणावे, अशा आशयाचे त्याचे बोलणे तरुण विद्यार्थ्याच्या अंतःकरणाला भिडले. टिपणे परत मिळाली. परंतु पुढची तीन वर्षे त्यांनी तूसमध्ये ती सर्व मुखोद्गत करण्यात घालविली.

ज्ञान कागदावर नव्हे, माणसात असावे हा धडा त्यांना दरोडेखोराकडून मिळाला. परंतु पुढे त्यांच्या लक्षात आले की पाठांतर हीदेखील अर्धीच वाट आहे. पाठ केलेले खरे आहे की नाही, हे तोलण्याचे साधनही माणसापाशी असले पाहिजे.

निशापूर ते बगदाद

त्यानंतर ते निशापूरला इमामुल हरमैन जुवैनी (रह.) यांच्या शिष्यवर्गात दाखल झाले. फिकह, उसूल, कलाम आणि वादविवादाची कला यांत ते तेथे पारंगत झाले. हि. ४७८ (इ.स. १०८५) मध्ये गुरूंचे निधन झाल्यावर ते सल्जूक सल्तनतीचे वजीर निजामुल्मुल्क यांच्या छावणीत गेले. तेथे विद्वानांच्या चर्चा रंगत आणि त्यांत या तरुणाची बाजू वरचढ ठरू लागली. हि. ४८४ (इ.स. १०९१) मध्ये वजिरांनी त्यांची नेमणूक बगदादच्या निजामिया मदरशाचे प्रमुख अध्यापक म्हणून केली. त्यांचे वय तेव्हा जेमतेम चौतीस होते. तीनशेच्या आसपास विद्यार्थी त्यांच्यापाशी शिकत असत.

वाचकहो, त्या काळचे बगदाद डोळ्यांसमोर आणा. सत्य कोणाकडे आहे, यावरून तेथे मोठा कल्लोळ चाललेला होता. तत्त्वज्ञ म्हणवून घेणारे लोक असे भासवीत की त्यांचे गणित व तर्क जसे अचूक आहेत, तसेच ईश्वराविषयीचे त्यांचे सिद्धांतही अचूक आहेत. बातिनी पंथाचे प्रचारक, ज्यांना तालीमी म्हटले जाई, ते सांगत की माणसांची बुद्धी परस्परविरोधी निष्कर्ष काढते, म्हणून बुद्धी सोडा आणि आमच्या निष्पाप इमामांच्या शिकवणुकीला शरण या. तिसरीकडे काही धार्मिक लोकांना वाटे की तर्कशास्त्र यूनानी लोकांकडून आले आहे, तेव्हा त्याला स्पर्शही करू नये. हा संघर्ष पुस्तकांपुरता मर्यादित नव्हता. हि. ४८५ (इ.स. १०९२) मध्ये खुद्द वजीर निजामुल्मुल्क यांची हत्या झाली आणि सल्तनतीची घडी विस्कटली.

बारकाईने पाहिल्यास या तिन्ही गटांत एक समान दोष दिसून येतो. तिघेही बोलणे तोलत नव्हते, बोलणाऱ्याला तोलत होते. एकाने यूनानी नावांना भुलून सर्व काही स्वीकारले, एकाने त्याच नावांना भिऊन सर्व काही नाकारले आणि एकाने एका व्यक्तीच्या हाती आपली बुद्धी सोपविली.

संशयाचे दोन महिने

इमाम साहेबांनी ‘अल-मुन्किज मिनद्दलाल’ या आत्मकथनात आपल्या सत्यशोधाची हकिकत सांगितली आहे. निश्चित ज्ञान कशास म्हणावे, येथून त्यांनी आरंभ केला. दहा ही संख्या तीनपेक्षा मोठी आहे, हे ज्याला खरोखर कळले आहे त्याच्यासमोर एखाद्याने काठीचा साप करून दाखविला आणि तीन हेच दहापेक्षा मोठे असल्याचा दावा केला, तर त्याला त्या कृत्याचे आश्चर्य वाटेल, परंतु आपल्या ज्ञानाविषयी तिळमात्र शंका येणार नाही. अशा दर्जाचे ज्ञान आपल्यापाशी किती आहे, याचा हिशेब ते मांडू लागले.

इंद्रियांवर विश्वास ठेवावा, तर डोळ्यांना आकाशातील तारा एका दीनारएवढा दिसतो, परंतु गणिती पुरावे सांगतात की तो पृथ्वीपेक्षाही मोठा आहे. इंद्रियांना बुद्धीने खोटे पाडले; मग बुद्धीला खोटे पाडणारे आणखी एखादे प्रमाण नसेल कशावरून? स्वप्नात माणसाला सर्व काही खरेच वाटत असते. या विचाराने त्यांना ग्रासले आणि सुमारे दोन महिने ते या व्याधीत होते. यातून बाहेर येण्यास कोणताही युक्तिवाद उपयोगी पडला नाही, कारण युक्तिवाद रचण्यासाठीच मूलभूत सत्यांचा आधार लागतो. अल्लाहने अंतःकरणात टाकलेल्या प्रकाशाने आपण सावरलो, असे ते सांगतात. बुद्धीची प्राथमिक सत्ये पुन्हा विश्वसनीय झाली.

पुढे तर्कशास्त्र शिकविताना त्यांच्या बोलण्यात जी नम्रता दिसते, तिचे मूळ येथे आहे. बुद्धी ही अल्लाहची देणगी आहे, हे त्यांना केवळ सिद्धांत म्हणून ठाऊक नव्हते. ती देणगी हातातून निसटताना आणि परत मिळताना त्यांनी स्वतः अनुभवली होती.

बाजारातील नावांची पुस्तके

बगदादमध्ये अध्यापनातून उरलेल्या वेळात इमाम साहेबांनी कोणाही गुरूविना तत्त्वज्ञांचे ग्रंथ वाचले. दोन वर्षांहून कमी काळात त्यांनी तो विषय आत्मसात केला आणि त्यानंतर जवळजवळ एक वर्ष त्यावर चिंतन केले. एखाद्या मताचे खंडन करण्यापूर्वी ते मत मानणाऱ्यांइतकेच आपणही ते समजून घेतले पाहिजे, हा त्यांचा नियम होता. ‘मकासिदुल फलासिफा’ या ग्रंथात त्यांनी तत्त्वज्ञांची मते त्यांच्याच रीतीने मांडली. त्याचा पहिला भाग तर्कशास्त्राचा आहे. हा त्यांचा पहिला पाठ.

त्यानंतर ‘तहाफुतुल फलासिफा’ हा खंडनग्रंथ आला. त्यात त्यांनी स्पष्ट केले की तर्कशास्त्र ही तत्त्वज्ञांची खाजगी मालमत्ता नाही. कलाम व वादशास्त्राचे विद्वान तेच साधन निराळ्या नावांनी वापरीत आले आहेत. तत्त्वज्ञांचा दोष असा की पुराव्यासाठी त्यांनी ज्या कठोर अटी ठरविल्या, त्या ईश्वरविषयक चर्चेत त्यांनी स्वतःच पाळल्या नाहीत. वाचकाला हे तपासता यावे म्हणून ‘मीयारुल इल्म’ हे पुस्तक त्यांनी जोडीला दिले. पुढे ‘मिहक्कुन्नजर’ हे आणखी संक्षिप्त पुस्तक लिहिले.

वाचकहो, या नावांकडे लक्ष द्या. मीयार म्हणजे वजनामापाचे प्रमाण. मिहक्क म्हणजे सोनार ज्यावर सोने घासून पाहतो तो कसोटीचा दगड. पुढच्या पुस्तकाच्या नावात किस्तास, म्हणजे तराजू, आहे. तिन्ही नावे बाजारातील आहेत. सोने राजाच्या खजिन्यातील आहे की भिकाऱ्याच्या झोळीतील, हे कसोटीचा दगड विचारीत नाही.

या पुस्तकांतील उदाहरणे त्यांनी प्रामुख्याने फिकहच्या विद्यार्थ्याच्या रोजच्या अभ्यासातून घेतली. उदाहरणार्थ, खजूर किंवा मनुका पाण्यात भिजवून केलेल्या आणि आंबून मादक झालेल्या नबीज या पेयाचा प्रश्न घ्या. नबीज मादक आहे. प्रत्येक मादक वस्तू हराम आहे. म्हणून नबीज हराम आहे. येथे दोन आधारविधाने आहेत. दोहोंत ‘मादक’ हा शब्द समान आहे आणि तोच निष्कर्षाला जोडणारा दुवा आहे. इमाम साहेब विद्यार्थ्याला दाखवितात की कोणी या निष्कर्षाला हरकत घेतली, तर गोंधळून जाण्याचे कारण नाही. हरकत कोणत्या विधानाला आहे ते आधी विचारावे. पेय मादक आहे की नाही, हे अनुभवाने ठरेल. प्रत्येक मादक वस्तू हराम आहे की नाही, हे प्रेषित (स.) यांच्या हदीसवरून ठरेल. प्रत्येक विधानाचा पुरावा त्याच्या त्याच्या जागी शोधावयाचा असतो. केवळ एवढा भेद लक्षात आला तरी निम्मी भांडणे मिटतात.

दुसरे उदाहरण नमाजचे आहे. एखाद्याची नमाज शुद्ध झाली असेल, तर तो वुजूच्या अवस्थेत होता हे निश्चित. आता नमाज शुद्ध झाल्याचे कळले, तर वुजू होता असे म्हणता येते. वुजू नव्हता असे कळले, तर नमाज झाली नाही असे म्हणता येते. परंतु वुजू होता एवढेच कळले, तर नमाज शुद्ध झाली असे म्हणता येईल काय? नाही, कारण ती अन्य एखाद्या कारणाने बिघडलेली असू शकते. लहान मुलालाही समजेल असे हे उदाहरण आहे. तरीही याच ठिकाणी मोठमोठे लोक घसरतात. या उदाहरणाकडे आपण लेखाच्या शेवटी पुन्हा येणार आहोत.

शब्दांबाबतही त्यांनी विद्यार्थ्याची सोय पाहिली. तर्कशास्त्राच्या परकीय वाटणाऱ्या संज्ञांऐवजी ‘मिहक्क’मध्ये त्यांनी फिकह व व्याकरणाच्या अभ्यासकांना परिचित असलेले शब्द योजले. अर्थ मनात स्पष्ट झाल्यावर शब्दांवरून वाद घालण्यात अर्थ नाही, हे तत्त्व त्यांनी स्वतः आचरणात आणले.

जीभ थांबली तेव्हा

हि. ४८८ (इ.स. १०९५) हे त्यांच्या जीवनातील निर्णायक वर्ष. कीर्ती शिखरावर होती. परंतु त्यांनी स्वतःचा हेतू त्याच तराजूत घातला, तेव्हा तो हलका ठरला. आपले अध्यापन अल्लाहच्या प्रसन्नतेसाठी नसून मान व प्रतिष्ठेसाठी आहे, असे त्यांना दिसून आले. बगदाद सोडावे की राहावे, या द्वंद्वात सुमारे सहा महिने गेले. अखेर त्यांची जीभच थांबली. विद्यार्थ्यांना शिकविण्याची इच्छा असूनही तोंडातून शब्द निघेना, अन्न गिळवेना. हकीमांनी ओळखले की व्याधी मनाची आहे. इमाम साहेबांनी आपली संपत्ती वाटली, कुटुंबापुरते ठेवले आणि ते बगदादहून निघाले.

दमास्कस, बैतुल मक्दिस, अल-खलील आणि त्यानंतर हज असा त्यांचा प्रवास झाला. अल-खलील येथे हजरत इब्राहीम (अ.) यांच्या कबरीपाशी हि. ४८९ मध्ये त्यांनी तीन संकल्प केले: कोणत्याही बादशहाकडून धन घ्यावयाचे नाही, कोणत्याही बादशहाच्या दरबारी जावयाचे नाही आणि कोणाशी वादविवाद करावयाचा नाही.

तिसऱ्या संकल्पावर क्षणभर थांबू या. ज्यांनी अनुमानाचे नियम शिकविले, त्यांनीच वादाचा आखाडा सोडला. यात विसंगती आहे काय? ‘इह्या’तील ज्ञानविषयक प्रकरण वाचल्यास तसे वाटत नाही. जिंकण्यासाठी केलेल्या वादातून मत्सर, अहंकार, परनिंदा आणि सत्याचा तिरस्कार कसे जन्मास येतात, हे त्यांनी तेथे तपशिलाने दाखविले आहे. सत्य आपल्या तोंडून निघो वा समोरच्याच्या, हरवलेली वस्तू सापडल्याचा आनंद ज्याला होतो, त्यानेच चर्चा करावी. तराजू हे तोलण्याचे साधन आहे. ते उचलून दुसऱ्याच्या डोक्यात मारावयाचे नसते.

कुरआनातील पाच तराजू

बगदाद सोडल्यानंतरच्या वर्षांत त्यांनी ‘अल-किस्तासुल मुस्तकीम’, म्हणजे ‘सरळ तराजू’, हे छोटे पुस्तक लिहिले. सरळ तराजूने तोलण्याच्या ज्या आज्ञा कुरआनात आल्या आहेत, त्यांतून हे नाव घेतले आहे. पुस्तकाची मांडणी संवादाची आहे. एक तालीमी मित्र विचारतो की सत्य कशाने ओळखता: मताने, की निष्पाप गुरूच्या शिकवणुकीने? इमाम साहेब उत्तरतात की अल्लाहने आपल्या प्रेषितांकरवी शिकविलेल्या तराजूने. आणि मग ते कुरआनातून पाच तराजू काढून दाखवितात.

पहिला तराजू हजरत इब्राहीम (अ.) आणि नमरूद यांच्या प्रसंगातील आहे. जो सूर्य उगवितो तोच ईश्वर. माझा पालनकर्ता सूर्य उगवितो. म्हणून तोच ईश्वर आहे, नमरूद नव्हे. दुसरा तराजूही हजरत इब्राहीम (अ.) यांचाच. चंद्र मावळतो, ईश्वर मावळत नाही, म्हणून चंद्र ईश्वर नव्हे. तिसरा तराजू त्या लोकांसाठी आहे, जे म्हणत की अल्लाहने कोणत्याही माणसावर काहीही अवतरित केले नाही. हजरत मूसा (अ.) मानव होते, त्यांच्यावर ग्रंथ अवतरला, म्हणजे किमान एका मानवावर तरी ग्रंथ अवतरला आणि सरसकट नकार कोसळला. चौथा तराजू एकेश्वरत्वाचा आहे. अनेक ईश्वर असते तर आकाश व पृथ्वी यांची व्यवस्था बिघडली असती. ती बिघडलेली नाही. म्हणून अनेक ईश्वर नाहीत. पाचवा तराजू दोन पर्यायांचा आहे. आम्ही अथवा तुम्ही, दोहोंपैकी एक सन्मार्गावर आहे आणि एक उघड मार्गभ्रष्टतेत आहे. एक बाजू चुकीची नाही हे सिद्ध झाले की दुसरी चुकीची ठरते.

तर्कशास्त्राचा अभ्यासक हे पाचही प्रकार ओळखील. ते मान्यताप्राप्त अनुमानप्रकारच आहेत. परंतु येथे यूनानी संज्ञा नाहीत. साधा माणूस ज्या आयती लहानपणापासून ऐकत आला, त्यांच्या आतील रचना इमाम साहेबांनी उघडून दाखविली आहे. तराजू खरा आहे हे त्याच्या दांडीवरून व पारड्यांवरून कळते; तो कोणाच्या दुकानातून आला, हे विचारावे लागत नाही. गुरू हवेतच आणि सर्वांत मोठे गुरू प्रेषित (स.) आहेत, परंतु त्यांनी आपल्या हाती तराजू दिला आहे, बुद्धी गहाण ठेवण्यास सांगितलेले नाही.

अखेरचा पाठ

सुमारे अकरा वर्षांनंतर, हि. ४९९ (इ.स. ११०६) मध्ये, वजीर फख्रुल्मुल्क यांच्या आग्रहावरून इमाम साहेब निशापूरच्या निजामिया मदरशात पुन्हा शिकवू लागले. याच काळात ‘अल-मुस्तस्फा’ हा उसूले फिकहचा महान ग्रंथ तयार झाला आणि हि. ५०३ (इ.स. ११०९) मध्ये पूर्ण झाला. त्याच्या आरंभी त्यांनी तर्कशास्त्राची प्रस्तावना घातली. हा त्यांचा पाचवा पाठ. ही प्रस्तावना सर्वच शास्त्रांची आहे आणि ज्याला ती अवगत नाही त्याच्या ज्ञानावर भरवसा ठेवता येत नाही, असे त्यांनी तेथे बजावले. परंतु त्याबरोबरच, ज्याला ती नको असेल त्याने सरळ पुढच्या भागापासून आरंभ करावा, अशी मोकळीकही दिली. इतका ठाम विश्वास आणि इतकी सौम्यता एकत्र आढळणे दुर्मीळ आहे.

अखेरची वर्षे तूसमध्ये गेली. घराशेजारी विद्यार्थ्यांसाठी मदरसा आणि सूफींसाठी खानकाह होती. समकालीन चरित्रकार अब्दुल गाफिर फारसी (रह.) नमूद करतात की शेवटच्या काळात ते हदीसच्या अभ्यासाकडे वळले होते. जमादिल आखिर हि. ५०५ (डिसेंबर ११११) मधील एका सोमवारी त्यांनी पहाटे वुजू करून नमाज अदा केली, आपले कफन मागविले, ते डोळ्यांना लावले आणि किब्ल्याकडे तोंड करून ते आपल्या पालनकर्त्याकडे निघून गेले. त्यांचे बंधू अहमद यांच्याकडून ही हकिकत आलेली आहे.

मागे उरलेला ठेवा

इमाम साहेबांच्या निधनानंतर त्याच शतकात स्पेनमधील तुलैतुला, म्हणजे टोलेडो, येथे ‘मकासिद’चे लॅटिन भाषांतर झाले आणि युरोपातील विद्यार्थी त्यावरून तर्काचे धडे गिरवू लागले. पूर्वेकडे अब्हरी यांचे ‘ईसागूजी’, कातिबी यांचे ‘शम्सिया’, तफ्ताजानी यांचे ‘तहजीब’ अशी एकाहून एक नेटकी पाठ्यपुस्तके मदरशांसाठी तयार झाली. भारतात मुहिब्बुल्लाह बिहारी यांनी ‘सुल्लमुल उलूम’ लिहिले आणि अठराव्या शतकात मुल्ला निजामुद्दीन यांच्या दर्से निजामीत मन्तिकला मोठे स्थान मिळाले. आजही त्या परंपरेच्या मदरशांत ‘ईसागूजी’चे नाव विद्यार्थ्यांच्या तोंडी असते.

सर्वच विद्वानांना हा मार्ग मान्य होता असे नाही. इब्ने सलाह (रह.) यांनी तर्कशास्त्राविरुद्ध फतवा दिला. इब्ने तैमिया (रह.) यांनी त्याचे सविस्तर खंडन केले, बुद्धिमानाला या शास्त्राची गरज नसते आणि मंदबुद्धीला त्याचा उपयोग होत नाही, असे त्यांचे मत होते. हे आक्षेप आदराने ऐकण्यासारखे आहेत. मात्र लक्षात घ्या की ते आक्षेपही पुराव्यांनिशी, विधानांचा क्रम लावून मांडलेले आहेत.

इमाम साहेबांची शिकवण खुद्द त्यांनाही लागू झाली, ही फार मोठी गोष्ट होय. ‘इह्या’मध्ये आलेल्या हदीसींची छाननी पुढे हाफिज जैनुद्दीन इराकी (रह.) यांनी केली आणि कोणती सबळ, कोणती दुर्बल, कोणती निराधार, हे नोंदविले. गझालींनी लिहिले म्हणून ती खरी, असे त्यांनी मानले नाही. आणि काही दुर्बल निघाल्या म्हणून ग्रंथ टाकूनही दिला नाही. सत्य माणसांवरून ओळखू नये, सत्य ओळखावे म्हणजे माणसे ओळखू येतात, ही हजरत अली (रजि.) यांची शिकवण इमाम साहेबांनी ‘मुन्किज’मध्ये पुढे ठेवली होती. तिचे हे प्रत्यक्ष आचरण होते.

आता नमाज व वुजूच्या उदाहरणाकडे वळू या. आपल्या मोबाईलवर दररोज एखादे सुंदर वचन येते आणि त्याखाली प्रेषित (स.) यांचे नाव असते. वचनाचा अर्थ चांगला असतो, म्हणून आपण ते हदीस समजून पुढे पाठवितो. आपल्या मनात न कळत झालेले अनुमान असे असते: वचन प्रेषितांचे असेल तर त्याचा अर्थ चांगला असतो, याचा अर्थ चांगला आहे, म्हणून हे प्रेषितांचे आहे. वाचकहो, ही तंतोतंत तीच चूक आहे: वुजू होता, म्हणून नमाज झालीच. चांगला अर्थ कोणाही भल्या माणसाच्या वाक्यात असू शकतो. ते वाक्य प्रेषित (स.) यांचे आहे की नाही, हे केवळ सनद व हदीसच्या ग्रंथांवरूनच ठरेल. येथे चूक झाली तर ती निव्वळ तर्काची चूक राहत नाही. जे प्रेषितांनी सांगितले नाही ते त्यांच्या नावावर घालण्याचे ओझे आपल्या शिरावर येते.

हीच गत अफवांची, परस्परांवरील आरोपांची आणि जमातीजमातींतील वादांची. प्रत्येक ठिकाणी थांबून दोन प्रश्न विचारता येतात: आधारविधाने कोणती आहेत, आणि प्रत्येकाचा पुरावा कोठे आहे? त्यासाठी मोठी पदवी लागत नाही. आपल्या मुलांना कुरआन शिकविताना हजरत इब्राहीम (अ.) यांनी चंद्राकडे पाहून काय निष्कर्ष काढला आणि कसा काढला, एवढे जरी त्यांना विचारू लागलो, तरी पहिला तराजू त्यांच्या हाती आलेला असेल.

अल्लाह आपणा सर्वांना सत्य हे सत्य म्हणून दाखवो व त्यावर चालण्याची शक्ती देवो; असत्य हे असत्य म्हणून दाखवो व त्यापासून वाचवो; आणि आपल्या हातातील तराजू प्रथम स्वतःकडे वळविण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.